कामाचा साचा

जें कार्य जन्मांत एकदांच करावयाचें असतें, त्याची योजना मनुष्य मन लावून करतो. परंतु जें दरवर्षीं यावयाचेंच आहे, त्याविषयीं तो निष्काळजी असतो. "गेल्या खेपेस केलें, तसेंच यंदाहि करूं," एवढ्यावर सारें सोडून दिलें जातें. आणि गेल्या खेपेस नक्की काय केलें, हें ज्यास ठाऊक तो जुना चिटणीस नेमका परगांवीं गेलेला असतो. गणेशोत्सवाचें मंडळ, शाळेचें स्नेहसंमेलन, गृहसंस्थेची वार्षिक सभा, सर्वांची हीच कथा. श्रोतेहो, या विस्मृतीवर एक साधा उपाय आज संगणकावर व मोबाइलवर उपलब्ध आहे. त्याचें नांव साचा.

2011 सालीं निघालेला ट्रेलो, किंवा आसना, यांसारख्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक कामाचें एक टांचण करतां येतें: काम कोणतें, तें कोणीं करावयाचें, केव्हांपर्यंत करावयाचें. अशीं टांचणें एका फलकावर मांडलीं कीं संपूर्ण कार्य डोळ्यांपुढें उभें राहतें. कार्य पार पडल्यावर त्या फलकाचा साचा करून ठेवावयाचा, आणि पुढच्या खेपेस साच्यांतून नवा फलक काढावयाचा, एवढीच ही युक्ति. मोदकाच्या साच्यांत उकड व सारण दर वेळीं नवें घालतात. आकार तेवढा ठरलेला असतो. कामाच्या साच्यांतहि काय कायम ठेवावें आणि काय ठेवूं नये, हें ठरविण्यांतच खरें कौशल्य आहे.

पहिली गोष्ट तारखांची. गणेशचतुर्थी 2024 सालीं 7 सप्टेंबरला आली, 2025 सालीं 27 ऑगस्टला. 2026 सालची चतुर्थी 14 सप्टेंबरची. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारें 11 दिवसांनीं लहान, आणि 2026 सालीं ज्येष्ठ अधिक, यामुळें हा फरक पडतो. एखाद्या मंडळानें 2024 ची यादी तारखांसकट उतरून 2025 सालीं वापरली असती, तर त्याचें प्रत्येक काम 11 दिवस मागें पडलें असतें, आणि मंडपाच्या परवानगीचा अर्ज मुदत टळल्यावर गेला असता. म्हणून साच्यांत तारीख लिहूं नये, अंतर लिहावें: 'चतुर्थीपूर्वीं 60 दिवस, मूर्तिकाराकडे मागणी', 'चतुर्थीपूर्वीं 2 दिवस, विजेच्या तारांची तपासणी'. मुख्य दिवस एकदां भरला कीं बाकीच्या तारखा सॉफ्टवेअर स्वतः मोजतें. आसनाच्या साच्यांत ही सोय आहे.

दुसरी गोष्ट नांवांची. साच्यांत व्यक्तीचें नांव नसावें, पद असावें: 'खजिनदार', 'वीजव्यवस्था पाहणारा'. तिसरी गोष्ट क्रमाची. परवानगी हातीं आल्याशिवाय मंडप उभारावयाचा नाहीं, हा संबंध साच्यांतच नमूद असावा. गतवर्षींचीं बिलें, संभाषणें आणि झालेल्या कामांवरील खुणा मात्र साच्यांत शिरूं देऊं नयेत. जुनी खूण नव्या यादींत राहिली, तर न केलेलें काम केलेलें दिसतें. विजेच्या तारांच्या बाबतींत अशी चूक प्राणावर बेतूं शकते.

यादीचें मोल केवढें असतें, हें शस्त्रक्रियागृहांत दिसून आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें 2008 सालीं 19 मुद्द्यांची एक यादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं आणि रोग्यास बाहेर नेण्यापूर्वीं काय पडताळावें, हें तींत सांगितलें आहे. दिल्लीसह 8 शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें तेथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 1.5 वरून 0.8 वर आलें. परंतु कॅनडांतील ऑंटारिओ प्रांतांत 101 रुग्णालयांनीं अशा याद्या स्वीकारल्यावरहि मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं, असें 2014 सालच्या एका अभ्यासांत आढळलें. यादी दप्तरीं दाखल करणें निराळें आणि ती मन लावून पाळणें निराळें, असा बोध त्यावरून अनेक तज्ज्ञांनीं घेतला. जागतिक संघटनेच्या मूळ यादीवरच असें छापलें आहे कीं, स्थानिक रीतीप्रमाणें तींत भर घालावी व बदल करावा.

मंडळाच्या साच्यासहि हाच न्याय लागू आहे. कार्य संपल्यावर आठ दिवसांच्या आंत मंडळींनीं एकत्र बसून काय राहून गेलें व काय निरुपयोगी ठरलें तें पाहावें, आणि दुरुस्ती मूळ साच्यांत करावी. चालू फलकावर केलेली दुरुस्ती साच्यापर्यंत आपोआप पोंचत नाहीं, हें अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय प्रत्येक टांचणांत तें काम कां करावयाचें, याचें कारण एका वाक्यांत लिहून ठेवावें. तसें केलें म्हणजे नवा कार्यकर्ता डोळे मिटून खूण करणार नाहीं, आणि निष्कारण वाटलें म्हणून तें काम खोडूनहि टाकणार नाहीं.