जनावरांची फिर्याद

जाळ्यात सापडलेली कबुतरे आणि त्यांचे पाश कुरतडणारा उंदीर ही पंचतंत्रातील गोष्ट मराठी मुलाला लहानपणीच भेटते. ती 'कलीला व दिम्ना' या ग्रंथातून अरबीत पोहोचली. दहाव्या शतकात बसरा शहरातील एका विद्वन्मंडळाने आपले नाव याच गोष्टीतून घेतले असावे, असे गोल्डझिहर या अभ्यासकाने सुचवले आहे. 'इख्वान अस्-सफा', म्हणजे निर्मळ मनाचे बंधू, हे ते नाव. गणितापासून धर्मापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी पन्नासहून अधिक प्रबंध लिहिले. त्यांतल्या बाविसाव्यात जनावरांनी माणसावर केलेल्या फिर्यादीची कथा येते. मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी तिचा उर्दू अनुवाद केला. माणूस आणि सृष्टी यांच्या नात्याकडे इस्लाम कसा पाहतो, हे समजून घेताना मला या कथेचा सर्वाधिक उपयोग झाला.

प्रश्न सुरू होतो 'खलिफा' या शब्दापासून. कुरआन माणसाला पृथ्वीवरचा खलिफा म्हणतो, आणि पुष्कळांच्या मनात त्याचा अर्थ 'मालक' असाच उमटतो. पण मूळ अर्थ आहे दुसऱ्याच्या मागे, दुसऱ्याच्या जागी येणारा. मराठेशाहीच्या भाषेत सांगायचे तर मुतालिक. शिवाय ही नेमणूक जाहीर होताच देवदूत शंका घेतात, की हा प्राणी तर पृथ्वीवर बिघाड करील, रक्त सांडील. दुसऱ्या एका ठिकाणी 'अमानत' आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांच्यापुढे ठेवली जाते. ते तिघेही भिऊन नकार देतात आणि माणूस ती उचलतो. तिथेच त्याला अन्यायी आणि अज्ञानी म्हटले आहे. मराठीतला 'अनामत' हा शब्द याच अमानतीचे रूप. अनामत ठेवलेली वस्तू आपली नसते, ती परत करायची असते.

आता कथा. वादळात भरकटलेले गलबत एका बेटाला लागते. तिथे जनावरे सुखाने नांदत असतात. माणसे त्यांना पकडून ओझ्याला जुंपू लागतात आणि ही आमची पळून गेलेली गुलामे आहेत असे सांगतात. जनावरे जिनांच्या राजाकडे, बीवरास्पकडे, दाद मागतात. माणसे धर्मग्रंथाचा आधार देतात, की जनावरे आमच्या सेवेला लावली आहेत. खेचर उत्तर देते, की त्याच ग्रंथात सूर्य, चंद्र, वारा आणि ढगही तुमच्या सेवेला लावल्याचे सांगितले आहे. मग तेही तुमचे गुलाम काय? माणसे आपल्या ताठ, सुडौल देहाकडे बोट दाखवतात. उत्तर येते, की ज्याचा देह त्याच्या गरजेला साजेसा. आम्ही यांना चारापाणी देतो, असे माणसे म्हणतात. त्यावर जनावरे म्हणतात, की ती माया नव्हे, आपले पैसे बुडतील ही भीती. मेंढा पिलांना आईपासून तोडल्याचे सांगतो, बैल डोळे बांधून फिरवल्याचे. कौशल्याचा दावा होतो तेव्हा कंपास आणि पट्टीवाचून षट्कोनी घरे बांधणारी मधमाशी पुढे येते.

एकेक दावा असा कोसळतो. तरीही शेवटी निकाल माणसाच्या बाजूने लागतो, आणि इथेच मी बराच काळ अडखळलो होतो. माणसाला मृत्यूनंतर अनंत जीवनाचे वचन आहे, हा त्याचा शेवटचा मुद्दा. जनावरे लगेच म्हणतात, वचनाबरोबर नरकाची धमकीही आहेच. मग माणसांकडून उत्तर येते, की आमच्यात प्रेषित आणि संतही होऊन गेले. त्यापुढे जनावरे गप्प होतात. म्हणजे रूप, बुद्धी, बळ यांपैकी काहीही टिकले नाही. टिकले ते एवढेच, की माणसाला हिशेब द्यावा लागणार आहे आणि त्यात उत्तीर्ण होणारे काही थोडे त्याच्यात निपजतात. माझ्या समजुतीप्रमाणे हा विजय माणसाला मोकळीक देत नाही, उलट बांधून टाकतो.

इख्वानांचे विचार सनातनी पंडितांना नेहमीच रुचले नाहीत, तेव्हा ही केवळ तत्त्वज्ञांची कल्पना असे कोणी म्हणेल. परंतु तेराव्या शतकातले दमास्कसचे शाफई धर्मशास्त्री इज्ज अद्-दीन इब्न अब्द अस्-सलाम (मृत्यू १२६२) यांनी जनावरांचे हक्क नियमांच्या भाषेत मांडले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी ठरले तरी धन्याने त्याला पोसावे. झेपणार नाही इतके ओझे लादू नये. इजा करील अशा प्राण्याबरोबर त्याला ठेवू नये. पिलांना त्यांच्या डोळ्यांदेखत कापू नये. या नियमांनी मांसाहार किंवा कुर्बानी नाकारलेली नाही. धन्याची मर्जी मात्र मर्यादेत आणली आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून बुटातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली, ही हदीस याच परंपरेतली.

आज पर्यावरणावरच्या भाषणांतून 'खलिफा' हा शब्द वारंवार ऐकू येतो आणि बहुधा त्याच्या मानापाशीच थांबतो. त्या पदामागची अनामत आणि हिशेब ध्यानात घेतले, तर बसऱ्याच्या त्या खेचराचा प्रश्न जंगल, नदी, जमीन यांच्याही बाबतीत माणसाला विचारावा लागेल. सेवेला लावलेली वस्तू आपल्या मालकीची कधी झाली?