प्राध्यापकांचे तंत्रप्रशिक्षण आणि शेवटचा बाक

महाविद्यालयीन प्राध्यापकांना वर्गातील नवी यंत्रे आणि ऑनलाइन अध्यापनाची साधने वापरण्याचे प्रशिक्षण द्यावयास हवे, याविषयी आता कोणाचे दुमत राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोग तेच सांगतो, नॅकची समिती तेच विचारते आणि प्राचार्यही तेच बजावतात. दुमत असावयास हवे ते दुसऱ्याच प्रश्नावर. हे प्रशिक्षण कोणत्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून द्यावयाचे? हा प्रश्न कोणी विचारीत नाही. गेली काही वर्षे अशा प्रशिक्षणवर्गांत मी शिकणारा म्हणून बसलो आहे आणि शिकविणारा म्हणून उभाही राहिलो आहे. त्या आधारे माझे म्हणणे असे की, या प्रशिक्षणाची सुरुवात यंत्रापासून होते, ती शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्यापासून व्हावयास हवी. असे का, ते सविस्तर मांडतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. महाविद्यालयीन शिक्षणात यंत्र आणण्याचा प्रयत्न नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली आणि प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग सुरू झाले. २००९ साली माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन आले. त्यातून मुंबईच्या आयआयटीने देशभरच्या केंद्रांवर बसलेल्या अभियांत्रिकीच्या हजारो अध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचा मोठा उपक्रम केला. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' हे व्यासपीठ खुले झाले, २०१८ मध्ये त्याच व्यासपीठावरून अध्यापकांचे ऑनलाइन उजळणी वर्ग घेणारा 'अर्पित' हा कार्यक्रम आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशनच्या नावाने या साऱ्या व्यवस्थेची नव्याने बांधणी झाली. मध्यंतरी मार्च २०२० ची टाळेबंदी आली. ज्यांनी आयुष्यभर खडू आणि फळा यांखेरीज काही हाताळले नव्हते, त्यांच्याही हाती एका आठवड्यात मोबाईलचा वर्ग आला.

म्हणजे योजना होत्या, पैसा होता, व्यासपीठेही होती. मग अडले कोठे? प्रशिक्षण ज्या रीतीने दिले जाते, तेथे. सर्वसाधारण वर्गाचे स्वरूप असे असते : झूम किंवा गूगल मीट कसे सुरू करावे, गूगल क्लासरूमवर टिपणे कशी चढवावीत, मूडलवर चाचणी कशी लावावी, स्मार्ट बोर्डवर कसे लिहावे. शेवटी पन्नास गुणांची वस्तुनिष्ठ चाचणी आणि प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फायलीत जाते. ज्याला पदोन्नती मिळावयाची आहे तो ते मिळवितो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला पदोन्नतीच नसते, म्हणून तो या वर्गांकडे फिरकत नाही, किंवा त्याला पाठविलेच जात नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक तास तर तोच घेतो. प्रशिक्षण एकाचे आणि वर्ग दुसऱ्याचा, अशी ही विसंगती आहे.

बटण कोठे दाबावे हे कळणे म्हणजे शिकविता येणे नव्हे. शिक्षणशास्त्राने ही गोष्ट कधीच मान्य केली आहे. १९८६ साली ली शुलमन यांनी असे मांडले की, विषयाचे ज्ञान वेगळे आणि तो विषय समोरच्याला कसा समजेल याचे ज्ञान वेगळे. चांगल्या शिक्षकापाशी या दोहोंच्या मिलाफातून आलेले तिसरेच ज्ञान असते. २००६ साली पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्राच्या ज्ञानाची भर घातली. या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या शिकवून चालत नाही, हे त्यांच्या मांडणीचे सार. उदाहरणार्थ, चलनवाढ शिकविताना आलेख हलता दाखविला तर विद्यार्थ्याला काय अधिक कळेल, आणि कवितेच्या तासाला तीच चित्रे आणली तर काय नाहीसे होईल, हा विचार ज्याला करता येतो त्यालाच यंत्र वापरता आले असे म्हणावे. मी यात चौथ्या ज्ञानाची भर घालू इच्छितो : विद्यार्थी कोणत्या परिस्थितीतून शिकतो आहे, याचे ज्ञान. आपल्या समाजात त्यावाचून आधीची तिन्ही ज्ञाने लुळी पडतात.

ही परिस्थिती आकड्यांत पाहता येते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात, ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आढळला आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. शहरी भागात हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. टाळेबंदी आली ती या पायावर. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरला, हे खरे. परंतु घरात मोबाईल असणे आणि तो विद्यार्थिनीच्या हाती तासाच्या वेळी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो बापाबरोबर कामावर गेलेला असतो, किंवा भावाच्या खिशात असतो. रिचार्ज संपलेला असतो. ऊसतोडीच्या तळावर रेंज नसते.

आता प्राध्यापकाला या परिस्थितीत काय करता येईल? पुष्कळ करता येईल, पण त्यासाठी साधे गणित यावे लागते. सेकंदाला ६०० किलोबिट या वेगाने तासभर चित्र पाठविले तर सुमारे २७० एमबी डेटा लागतो. तेच व्याख्यान केवळ आवाजात, सेकंदाला ३२ किलोबिट या वेगाने ध्वनिमुद्रित केले तर साडेचौदा एमबीच्या आत बसते. एका चित्रतासाच्या खर्चात अठरा तासांचा आवाज पोचतो. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून ते व्हॉट्सॲपवर पाठविले, तर रात्री रेंज आल्यावर ते उतरवून घेता येतात आणि शेतावर काम करतानाही ऐकता येतात. एकाच वेळी सर्वांनी हजर राहावे असा तास आणि ज्याला जमेल तेव्हा त्याने शिकावे असा तास, हे दोन प्रकार आहेत. कोणता भाग कोणत्या प्रकारात घालावयाचा हे ठरविणे ही ऑनलाइन अध्यापनातली खरी विद्या. शंका, चर्चा, वाद हे समोरासमोर. माहिती आणि विवेचन सवडीने. प्रशिक्षणवर्गात या विद्येला क्वचितच अर्धा तास मिळतो.

दुसरी गोष्ट लिपीची. मराठीतून शिकविणाऱ्या अनेक प्राध्यापकांची टिपणे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टंकलेली आहेत. ती फाइल जशीच्या तशी पाठविली की विद्यार्थ्याच्या मोबाईलवर अक्षरांऐवजी निरर्थक खुणा उमटतात. अंध विद्यार्थ्याला टिपण वाचून दाखविणारे सॉफ्टवेअरही तेथे मुके होते. युनिकोडमध्ये टंकलेखन करणे ही दोन दिवसांत येणारी गोष्ट आहे. इंग्रजी माध्यमाच्या प्राध्यापकाला तिची गरज पडत नाही, म्हणून ती अनेकदा अभ्यासक्रमातच नसते. मराठीतून शिकणारा विद्यार्थी कोण आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

आता मी अधिक नाजूक मुद्द्याकडे येतो. ऑनलाइन वर्गात प्रत्येकाच्या चौकोनाखाली त्याचे पूर्ण नाव दिसते. वर्गात बसलेल्या साठ मुलांत आडनाव हजेरीपटावर असते आणि प्राध्यापकाने उच्चारले तरच ऐकू येते; पडद्यावर मात्र तासभर ते सर्वांसमोर लटकत राहते. आपल्याकडे आडनाव म्हणजे केवळ नाव नव्हे, याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला आहे. तीच गोष्ट कॅमेऱ्याची. 'कॅमेरा सुरू ठेवा, नाहीतर गैरहजेरी लावीन,' असे बजावणारा प्राध्यापक शिस्त लावीत असतो. परंतु त्या आज्ञेने एका खोलीचे घर, पत्र्याचे छप्पर, मागे भांडी घासणारी आई हे सारे वर्गासमोर मांडले जाते. वसतिगृहातून किंवा चांगल्या अभ्यासिकेतून बोलणाऱ्याला ज्याची जाणीवही नसते, अशी लाज दुसऱ्याला गप्प करते. त्याचा चौकोन काळा राहतो, माइक बंद राहतो आणि शेरा पडतो : 'विद्यार्थी सहभाग घेत नाहीत.'

यंत्रात यावर उपाय आहेत. केवळ पहिले नाव किंवा हजेरी क्रमांक लावण्याची मुभा देता येते. कॅमेरा ऐच्छिक ठेवता येतो. नाव न दाखविता मत नोंदविण्याची सोय वापरता येते. प्रश्न लिहून विचारता येतो. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली सुचविलेली पद्धत अशी की, आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला आणि नंतर वर्गाला सांगा. ती ऑनलाइन वर्गातही लहान गट पाडून वापरता येते. जो साठ जणांसमोर बोलत नाही तो दोघांत बोलतो. या सोयी कोठे आहेत, हे प्रशिक्षणात कधीकधी सांगतात. त्या कोणासाठी वापरावयाच्या, ते मात्र सांगत नाहीत.

आणि यंत्र शिकविल्याने मन शिकते असे नाही, याचे उदाहरण सर्वांच्या समोर आहे. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूर येथील एका ऑनलाइन तासाची चित्रफीत बाहेर आली. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचा तो तास होता. शिकविणाऱ्या प्राध्यापिका विद्यार्थ्यांना शिवीगाळ करीत होत्या आणि कोठे तक्रार करावयाची ती करा, असे आव्हान देत होत्या. मे महिन्यात त्यांचे निलंबन झाले. तंत्राच्या दृष्टीने त्या तासात काहीच उणे नव्हते. आवाज स्वच्छ होता, चित्र स्वच्छ होते. देशातल्या सर्वांत सुसज्ज संस्थांपैकी एका संस्थेत हे घडले. मात्र या प्रसंगाची दुसरीही बाजू आहे. बंद वर्गात अशी भाषा पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आणि तिला साक्षीदार राहिला नाही. येथे यंत्रच साक्षीदार झाले.

म्हणून माझा यंत्राला विरोध नाही. आपल्या चळवळीने यंत्राला कधी दूर ढकलले नाही. कॅसेट आली तेव्हा भीमगीते वस्तीवस्तीत पोचली, आणि ज्यांना सभागृहाची दारे बंद होती त्यांचा आवाज चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला. मुद्रित केलेला तास ही मजुरीमुळे तास बुडालेल्या मुलासाठी मोठीच सोय आहे. तीनदा ऐकूनही न समजलेले वाक्य तो चौथ्यांदा ऐकू शकतो, आणि कोणी हसत नाही. ही शक्ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचावी, एवढीच माझी मागणी आहे.

ती कशी पोचेल? प्रशिक्षणाची रचना बदलून. पहिल्या दिवशी प्राध्यापकाने शिकवू नये. साध्या मोबाईलवर, मोजक्या डेटात, घरातल्या गोंगाटात त्याने स्वतः विद्यार्थी म्हणून एक तास करावा आणि त्यावर चाचणीही द्यावी. दुसरे, प्रत्येकाने आपल्या वर्गाची पाहणी करून यावे : कोणाकडे कोणते साधन आहे, ते कोणत्या वेळी मोकळे असते, रेंज कोठे मिळते. तिसरे, प्रमाणपत्र चाचणीवर न देता, त्या पाहणीला धरून तयार केलेल्या एका पूर्ण पाठावर द्यावे. चौथे, आडनाव, कॅमेरा, भाषा आणि अपंगत्व यांवरचा स्वतंत्र पाठ हवा आणि तो ज्याने हे भोगले आहे त्याने शिकवावा. पाचवे, तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्या दिवसांचे मानधन देऊन या वर्गांत बसवावे.

यात अशक्य असे काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे वर्ग सकाळी लवकर भरत, कारण अनेक विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी करून पोट भरावे लागे. विद्यार्थ्याच्या आयुष्याप्रमाणे वेळापत्रक बदलावे, हा विचार त्यामागे होता. आज त्या वेळापत्रकाच्या जागी पडदा, डेटा आणि लिंक आल्या आहेत. प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आपल्या संघटनांनी वेतनश्रेणी आणि शिष्यवृत्ती यांच्या बरोबरीने प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा हा प्रश्नही हाती घ्यावा. तो अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समित्यांवर आपली माणसे नसतील, तर पुढची वीस वर्षेही शेवटच्या बाकावरचा चौकोन काळाच राहील.