एआरटी घेणारा रुग्ण आणि आपली चिकित्सा : औषधव्यापदांचा विचार

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या व्यापदांना स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. योग्य औषधापासूनही व्यापद उद्भवू शकते, हे आपल्या शास्त्राने कधी लपविले नाही. एचआयव्हीबाधित प्रौढांना दिल्या जाणाऱ्या एआरटी औषधांकडेही वैद्याने याच दृष्टीने पाहावयास हवे. कारण या व्यापदांची लक्षणे घेऊन रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडे येतो. आजाराचे नाव मात्र सांगत नाही.

सन २००८ च्या सुमारास माझ्याकडे एक तरुण शेतमजूर आला. दौर्बल्य, चालताना श्वास लागणे, त्वचेची पांडुता, नखांवर काळसर रेषा. पांडुरोगाचे निदान करून मी नवायस लोह सुरू केले. तीन आठवडे उपशय नाही. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्याही खाली होते. एकांतात पुन्हा विचारल्यावर त्याने एआरटी केंद्राची पुस्तिका पुढे केली. औषधांत झिडोव्हुडिन होते. हे औषध अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते. जेथे लोहाची उणीव हे कारणच नव्हे, तेथे लोहकल्प काय करणार? नखांचा काळेपणाही त्याच औषधाचा. नखे मी पाहिली होती, अर्थ लावला नव्हता. केंद्राने औषध बदलले व रुग्ण सुधारला. पण वाया गेलेले तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत.

शासनाची मोफत एआरटी योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. त्या काळातील स्टॅव्हुडिनने पायांची आग, बधिरता व गाल खोल जाणे अशी लक्षणे निर्माण केली. ती वातव्याधी समजून तैलाभ्यंगाने हाताळणारे आपल्यात अनेक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. नेव्हिरॅपिन अधिक घातक ठरू शकत असे. पहिल्या सहा आठवड्यांत अंगावर पुरळ येई. त्यासोबत ज्वर, तोंडात व्रण, डोळ्यांची लाली किंवा फोड दिसल्यास तो शीतपित्ताचा विषय राहत नाही, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. पहिल्या काही महिन्यांतील कामलाही याच औषधाची असू शकते. अशा वेळी आरोग्यवर्धिनी देऊन वाट पाहणे हा अपराध होय, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आज शासकीय योजनेत प्रामुख्याने टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅविर यांची एकत्रित गोळी दिली जाते. ती पूर्वीच्या औषधांहून पुष्कळ सुसह्य आहे. तरी डोल्युटेग्रॅविरमुळे निद्रानाश, वजनवाढ व काहींत रक्तशर्करावृद्धी दिसते. टेनोफोविरचा भार वृक्कांवर व अस्थींवर पडतो. म्हणून असा रुग्ण असल्यास रसकल्प देण्यापूर्वी क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोल्युटेग्रॅविर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिनचा आकडा किंचित वाढतो, तो वृक्कहानीचा नसतो. तो वाढून तेथेच स्थिरावला की चढतच राहिला, हे पाहावे.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट भस्मांची. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व जस्त हे धातू डोल्युटेग्रॅविरला आतड्यातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात कमी पोहोचते. शंखभस्म, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, मंडूर, लोह, अभ्रक, यशद यांत हेच धातू आहेत. म्हणून एआरटीची गोळी आधी व भस्म किमान दोन तासांनी. भस्म आधी घेतले गेल्यास गोळीपूर्वी सहा तासांचे अंतर, हा नियम पाळावा. येथे पुरळ उठत नाही, कामला होत नाही, रुग्णाला काहीच जाणवत नाही. विषाणू मात्र वाढू लागतो व औषधाला प्रतिरोध निर्माण होतो.

वनस्पतीही निरुपद्रवी समजू नयेत. पिंपळी-मिरीतील पायपरिनने निरोगी व्यक्तींत नेव्हिरॅपिनचे रक्तातील प्रमाण वाढल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनाविरचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणल्याचे २००२ मध्ये नोंदले गेले. दोन्ही औषधे आता फारशी वापरात नाहीत. तथापि त्रिकटू योगवाही आहे असे आपण म्हणतो, तर त्याचा परिणाम आधुनिक औषधावरही होणार, हे मान्य करावे लागेल.

व्यापद दिसले तरी एआरटी आपण होऊन थांबवू नये, थांबविण्यास सुचवूही नये. तो निर्णय केंद्राचा. गंभीर लक्षणे असतील तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवावे. चिठ्ठी बंद पाकिटात असावी. रुग्णाची एचआयव्ही स्थिती गुप्त ठेवणे हे १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. औषधविक्रेत्या बंधूंनी अम्लपित्ताचे चूर्ण किंवा लोहाचा कल्प देताना दुकानात सर्वांसमोर आजार विचारू नये. ‘रोजची कोणती गोळी चालू आहे का, ती किती वाजता घेता?’ एवढे पुरते.

औषधाच्या प्रतिकूल परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. नोंदणीच्या अर्जात सोबत घेतलेल्या इतर औषधांचा रकाना आहे, वनौषधीही त्यात येतात. तेथे आपल्या कल्पाचे नाव, निर्माता, बॅच क्रमांक व मात्रा लिहावी. संशय आपल्या कल्पावर येत असला तरीही.