बांध मातीचा, जबाबदारी कुणाची?

२४ नोव्हेंबर २०१९. रविवारचा दिवस. बंगळुरूच्या दक्षिण भागातल्या हुळिमावु तलावाचा बांध फुटला आणि बघता बघता शेकडो घरांत पाणी शिरलं. बांधाजवळ झालेलं खोदकाम नडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं.

बंगळुरूला मोठी नदी नाही. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी हे शहर वसवलं तेच तलावांच्या भरवशावर. मातीचे बांध घालून ओढे अडवायचे, एका तलावातून सांडलेलं पाणी खालच्या तलावात घ्यायचं, अशी ही साखळी. शेताला पाणी सोडायला गावचा ‘नीरगंटी’ असे. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा! बांधावरही त्याची नजर असे. पुढे तलाव बुजले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी स्टेडियम.

जे बांध उरले, त्यांचं काय? मातीच्या बांधाचे शत्रू दोन. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून वाहतं आणि माती कापत जातं. दुसरा शत्रू आतला. उंदीर-घुशींची बिळं, वाळवी, कुजलेली मुळं यांतून पाण्याला वाट मिळते. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावं. गढूळ झाला तर समजावं, बांधाची माती वाहून चालली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं मालक सरकार असो की खासगी कंपनी, देखभालीची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणीही सक्तीची केली. मात्र हा कायदा १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू आहे. शेतावरचा चार-पाच मीटरचा खासगी बांध त्यात येत नाही.

तिथे मालकानंच नीरगंटी व्हायला हवं. सांडवा मोकळा ठेवावा, बांधावर झाडं वाढू देऊ नयेत, बिळं वेळीच बुजवावीत आणि पाझर गढुळला तर पाणी उतरवून खालच्या वस्तीला लगेच सावध करावं. बांध कुणाच्याही सातबाऱ्यावर असो, फुटलेलं पाणी सातबारा पाहून वाहत नाही!