पेन्शन, कुटुंब निवृत्तिवेतन आणि आयकर

निवृत्तिवेतन करमुक्त असते, असा समज अनेक ज्येष्ठ बंधुभगिनींच्या मनात असतो. तो बरोबर नाही. माजी मालकाकडून दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन आयकर कायद्यानुसार ‘वेतन’ या सदरात मोडते. म्हणूनच त्यातून प्रमाणित वजावट मिळते : नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये, जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये.

जोडीदाराच्या निधनानंतर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ ठरते. पती हयात असताना मिळणारी वजावट विधवा पत्नीला तशीच मिळत नाही. तिला रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये (जुन्या प्रणालीत १५,००० रुपये) यांपैकी जे कमी असेल तेवढीच वजावट मिळते. वर्षाला ३,००,००० रुपये घेणाऱ्या पतीचे करपात्र उत्पन्न नव्या प्रणालीत २,२५,००० रुपये होते. तेवढेच कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचे २,७५,००० रुपये.

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत पेन्शन व व्याज मिळून करपात्र उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असल्यास निवासी करदात्यास कर भरावा लागत नाही. तथापि एकूण उत्पन्न ४ लाखांहून अधिक असल्यास विवरणपत्र भरणे आवश्यक आहे. बँकेने व्याजातून कापलेला करही विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतो. घरातील वृद्ध मातापित्यांना या कामी मुलांनी अवश्य साहाय्य करावे.