पोरगा गाडी शिकतोय, विम्याचं काय?

अठरावं सरलं आणि आमच्या घरातल्या धाकट्याने शिकाऊ लायसन्स काढलं. एमएच-२५ पासिंगची जुनी गाडी दारात उभीच होती. तुळजापूर रोडला एक चक्कर मारू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. अम्मीने चावी दिली नाही. "विम्याचं काय?" या तिच्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

चौकशी केली तेव्हा आधी दिलासाच मिळाला. ब्रिटनमध्ये नवशिक्या पोराचा विमा मोठ्या माणसाच्या कितीतरी पट पडतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, आणि तो चालवणाऱ्याचं वय न बघता इंजिन बघून. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये; वर १८ टक्के जीएसटी. पोरासाठी जुनी गाडी बघताना लहान इंजिनाची घेतली तर वर्षाला दीड हजार वाचतात. महिन्याला दोनशे-सव्वादोनशे भिशीत टाकले की हप्ता निघतो. विमा नसताना सापडलो तर पहिल्याच वेळी दंड २,००० रुपये!

खरी मेख पुढे आहे. शिकाऊ लायसन्सवर एकट्याने गाडी काढता येत नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, तोही वेळ आली तर गाडी आवरू शकेल असा बसलेला. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. हे पाळलं नाही आणि कुणाला धडक बसली, तर न्यायाधिकरण जखमीला विमा कंपनीकडून भरपाई देववू शकतं, पण तीच रक्कम कंपनीला गाडीमालकाकडून वसूल करता येते. मालक म्हणजे अब्बा. आकडा लाखांत गेला तर शेतावरच येतं. आणि पोरगं अठराच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्या कशा चालतात, मागे दिवा ना रिफ्लेक्टर, हे आपल्याला ठाऊक आहेच.

नुसत्या थर्ड पार्टीत आपल्याच गाडीत बसलेल्या नानी-फुफी येत नाहीत. पूर्ण विम्यात येतात. तो महाग, पण सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट असते. पोराने गेटला घासलेल्या ओरखड्यासाठी क्लेम केला की सूट गेली. असले ओरखडे पदरच्या पैशाने बुजवावेत.

विमा घ्यावा का, हा सवाल काही घरांत अजून निघतो. मोटारीसाठी तकाफुल आपल्या देशात मिळत नाही, थर्ड पार्टी कायद्यानेच सक्तीचा आहे. पूर्ण विम्याबद्दल आपापल्या आलिमांना विचारावं. ज्याला धडक बसली त्याच्या बायकापोरांचं देणं मात्र फिटलंच पाहिजे, यावर आमच्यात दुमत झालं नाही.

आता चाचा रोज फजरनंतर शेजारी बसतात. 'एल'ची पाटी अम्मीने स्वतः चिकटवली. तीस दिवस झाले की आरटीओत पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तोवर तुळजापूर रोड बंद.