तळ्यात बुडालेली निसर्गचित्रे

पनवेलनजीक विचुंबे येथे गाढी नदीच्या आसपास आज इमारतींची दाटी झाली असली, तरी पावसाळ्यात पूर्वेकडील माथेरानची डोंगररांग ढगांत विरघळताना दिसते. असा ओला प्रकाश पकडावा तो जलरंगानेच. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कोरा राखलेला कागदच उजेडाचे काम करतो. तो एकदा गढूळला की पुन्हा उजळणे कठीण.

महाराष्ट्रात ही साधना कोणी किती निष्ठेने केली, हे पाहायचे तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे वळावे लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकूनही ते कोल्हापुरातच रमले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ यांपलीकडचे विषय त्यांना फारसे लागलेच नाहीत. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगितले जाते. १९३१ मध्ये तेही गेले.

वितळत्या बर्फाचे चित्रकार म्हणून ख्यातकीर्त असलेले लात्व्हियाचे विल्हेल्म्स पुर्वितिस (१८७२-१९४५) यांचीही पुष्कळ चित्रे नष्ट झाली. तेथे कारण महायुद्धाचे होते. आबालालांनंतर परांडेकर, हळदणकर यांनी निसर्गचित्रणाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आबालालांची मात्र जी थोडी चित्रे वाचली, त्यांतच वस्तीने वेढला जाण्यापूर्वीचा रंकाळा शिल्लक आहे.